कॉलनीतला शेवटचा गोठा

आमच्या कॉलनीतला शेवटचा गोठा उद्या पाडणार, हे बिल्डरच्या सुपरवायझरनं आज सकाळी पक्कं सांगितलं.

इथं आधी ऊस होता. मग प्लॉट पडले, बंगले झाले आणि आता एमआयडीसीत नोकरीला येणाऱ्यांसाठी फ्लॅट. मधोमध बाबूमामांच्या म्हशी टिकून होत्या. किटली घेऊन जायचं आणि समोर धार काढून घ्यायची.

आज गेलो तर एकच म्हैस उरली होती. जयसिंगपूरहून तिला न्यायला आलेले गृहस्थ धार काढायला बसले, पण तिनं पान्हा सोडला नाही.

मामींनी मामांचा न धुतलेला शर्ट आणून दिला. “पावणं, ह्यो घाला. वासानं फसंल ती.”

त्यांनी घातला. दूध आलं.

मामा तोंड फिरवून मला म्हणाले, “समोरच्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट दिलाय की आमास्नी. लिफ्ट हाय.”

“मग लिफ्टमधनं म्हस न्या वर,” मामी म्हणाल्या.

पाहुणे शर्ट काढू लागले. मामा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तिकडं लागंल.”

उद्या सकाळी टेम्पो येईल, दुपारी जेसीबी. परवा पहाटे मामा सवयीनं उठतील. चौथ्या मजल्यावर त्यांनी काय करायचं, तुम्हाला काही सुचतंय का?