माझ्या रक्तातलं मला सांगा

"हिची साडी वर घ्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

मला नाही, नर्सला. मी जागी होते. खाटेवर बसले होते. नर्सनं साडी गुडघ्यापर्यंत ओढली. पायाशी सात-आठ शिकाऊ डॉक्टर, पोरंपोरी. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या नडगीत अंगठा रुतवला. खड्डा पडला, तसाच राहिला. मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाजारात बैलाचं बघतात तसं.

"गालांवरचे चट्टे बघा. ल्युपस. अँटिबॉडीज किडनीपर्यंत पोचल्यात."

मी विचारलं, "काय पोचलंय किडनीत?"

"बाई, पोळ्या लाटता ना तुम्ही? कळून काय करणार? उद्या किडनीचा तुकडा काढायचाय. नर्स दाखवेल तिथं अंगठा उठवा."

पोरं हसली. एक मुलगी हसली नाही.

मी दहावी पास आहे. कुणी विचारलंच नाही.

कर्वेनगरात दोन घरी पोळ्या करायचे. चट्टे उठले तसं एका घरानं माझा कप वेगळा केला. दुसऱ्यानं कामच बंद केलं. "तुमच्या वस्तीत स्वच्छता कुठे असते!" मला ते खरं वाटलं. गाल साबणानं सोलेपर्यंत घासले मी.

दुपारी ती न हसलेली मुलगी परत आली. स्टुलावर बसली.

"ताई, तुमच्या आजाराचं नाव ल्युपस. अँटिबॉडीज रक्तात असतात, जंतूंशी लढायला. तुमच्या काही अँटिबॉडीज तुमच्याच पेशींवर उलटल्यात. त्या किडनीच्या गाळणीत साचतात, तिथं सूज येते. म्हणून लघवीला फेस, पायांना सूज. हा आजार कुणाला लागत नाही. घाणीनं होत नाही. तुमची चूक नाही."

एवढंच होतं. पाच मिनिटांचं. ते सांगायला कुणाला वेळ नव्हता. मला रडू नाही आलं. संताप आला.

दुसऱ्या दिवशी नर्सनं फॉर्म आणि शाईचं पॅड पुढं केलं. मी पॅड बाजूला सारलं.

"पेन द्या. आणि डॉक्टरांना बोलवा."

ते आले, कपाळाला आठ्या घालून. "ओपीडी खोळंबलीय, बाई."

"खोळंबू द्या. किडनी माझीय. तुकडा काढायला सुई कुठं घालणार? धोका काय? सगळं मराठीत सांगा."

त्यांनी सांगितलं. दात-ओठ खात, पण सांगितलं. मी फॉर्म पूर्ण वाचला, मग सही केली.

आता गोळ्यांनी तोंड सुजलंय. किडनी टिकेल का, कुणी छातीठोकपणे सांगत नाही. नाही टिकली तर नाही. पण यापुढे मला न विचारता माझ्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. लावला, तर मी तो झटकून टाकीन. सगळ्या वॉर्डादेखत.