वळणावरचं बोलणं

आमच्या भागातल्या मोबाइल टावरची कामं करणारा एक माणूस बसमध्ये नेहमी भेटतो. चालत्या बसमध्ये पुढचा दांडा पकडल्याशिवाय तो मागचा सोडत नाही. फोनचंही तो तसंच सांगतो. "ह्या टावरनं सोडायच्या आत त्या टावरनं धरलं पाहिजे. न्हाईतर बोलणं तुटतंय."

पालीच्या पुढच्या वळणावर माझं बोलणं कायम तुटायचं. त्यापायी माझे चांगले सौदे मोडले. मी त्याला भर बसमध्ये शिव्या द्यायचो. तो शांतपणे म्हणायचा, "लई बरोबर हाय तुमचं."

परवा तो आपणहून शेजारी येऊन बसला. "काम झालंय मालक. फोन लावा अन् वळण संपेस्तोर बोलत ऱ्हावा."

मी माजलगावला फोन लावला. तिथल्या एकाची ऊस वाहायची जुनी ट्रॉली मला घ्यायची होती. माझी रीत ठरलेली आहे. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरचा घाबरून खाली येतो. मी आकडा सांगितला आणि गप्प बसलो. तेवढ्यात वळण आलं. हा माझ्या मांडीवर थापा मारायला लागला.

"बोला मालक! गप बसल्यावर तुटलं का न्हाई, कसं कळावं?"

घाईत दुसरं काय सुचणार? मी आकडा वाढवला. त्यानं पुन्हा थाप मारली. मी पुन्हा वाढवला.

"ठरलं! ट्रॉली तुमची!" माजलगावचा आवाज इतका स्वच्छ आला, की ऐकू आलं नाही म्हणायचीही सोय उरली नाही.

हा खुशीत म्हणाला, "बघा, एक शब्द गळाला न्हाई."