भरल्या पंगतीतून उठवणारी ताई

सुनीताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नानाखेड्याच्या वर्कशॉपमध्ये होतो. भाची एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली..." ग्राइंडर बंद करायचंही मला सुचलं नाही. ताई माझी मावसबहीण, आणि पॉलिटेक्निकात माझी शिक्षिकाही. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे दांड्यांचे त्रिकोणी सांगाडे, तिनंच शिकवले. समजा, कैचीच्या खालच्या सरळ पट्टीवर एकच दांडा उभा आहे, आणि त्या सांध्यावर बाहेरचा भार नसेल तर दांड्यातलं बल शून्य. "नसेल तर" म्हणताना ती फळ्यावर खडू दोनदा आपटायची, आणि आम्ही वात्रट मुलं बाकं वाजवून तिला साथ द्यायचो. माझ्या डोक्यात शून्य तेवढं राहिलं.

पुढे रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या भोजनशाळेचं छप्पर मी केलं. धुराच्या पाइपाला एका कैचीतला उभा दांडा आडवा येत होता. गणित मांडलं, बल शून्य आलं, दांडा कापून टाकला. माझी स्वारी खूश! पहिल्या भंडाऱ्याला ताईला मुद्दाम नेलं, कौतुक करून घ्यायला. पंगत बसली होती, दाल-बाटी वाढून झाली होती. ताईनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कुणीतरी नवसाची भलीमोठी पितळी घंटा आणून सकाळीच नेमकी त्या सांध्याला टांगली होती. येणारा-जाणारा ती वाजवत होता, आणि पट्टी खाली झुकली होती...

"इथला दांडा कुठाय रे?"

"ताई, तूच शिकवलंस ना, शून्य..."

"भार नसेल तर! उठव सगळ्यांना पहिले."

भरल्या पानावरून माणसं उठवायची? माझी जीभच उचलेना. व्यवस्थापक आडवे आले, "मैडम, परोसी थाली से किसी को उठाते हैं क्या?" जन्मात कधी आवाज न चढवलेली ताई पंगतीच्या मधोमध जाऊन ओरडली, "माफ़ करना, सब उठिए! अभी!" लोक भडकले. एक आजी बाटी हातात धरून, ताईला शिव्याशाप देतच उठल्या. शेवटची माणसं दाराबाहेर पडत होती तेव्हा वर करकर वाजलं आणि घंटा वीतभर खाली आली.

लाकडी बल्ल्यांचा टेकू देऊन घंटा उतरवली. "गलती किसकी है?" व्यवस्थापकांनी विचारलं. ताई शांतपणे म्हणाली, "एक डंडा लगाना रह गया था. आज लग जाएगा." नवा दांडा संध्याकाळपर्यंत लागलाही. पण राहून गेला नव्हता तो, मी कापला होता, आणि तिथे मी गप्प उभा राहिलो. नंतरही कधी तोंड उघडलं नाही. ती असताना चारचौघांत कबूल करायला हवं होतं... आता ही लाज जन्मभर पुरेल.

कोपऱ्यात पडलेला तो कापलेला दांडा ताईनं त्याच दिवशी रिक्षात घालून घरी नेला. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ती तो दाराला लावून ठेवायची. मला मात्र त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलली नाही. तेरावं झाल्यावर भाची आवराआवर करत होती. दांडा उचलून तिनं विचारलं, "मामा, हा भंगारात देऊ का? काही कामाचा नाही ना?"

मी तो तिच्या हातातून घेऊन परत दाराला लावला. तिला समोर बसवलं, आणि तो कुणी कापला होता ते आधी सांगितलं.