मागच्या बाकावरचं ग्राफिक्स कार्ड

गुरुजी लॅपटॉपची हजेरी घ्यायचे. थट्टा नाही, खरंच घ्यायचे. नंदुरबारच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन खुर्ची ओढली की पहिलं काम तेच. काळ्या पडद्यावर एक कमांड द्यायची, आतल्या भागांची नावं एकाखाली एक उमटायची, आणि गुरुजी चष्मा नाकावर घेऊन मोठ्यांदा पुकारायचे, "वायफाय? हजर. आवाज? हजर. ग्राफिक्स कार्ड?" इथं थांबून माझ्याकडे बघायचे. "हजर. पण वर्गात लक्ष नाही."

उभी हयात आश्रमशाळेत शिकवण्यात गेलेली. घरी पावरी ही आपली आदिवासी बोली बोलायचे, बाहेर मात्र धड्यातली मराठी. मी "काय करी ऱ्हायनात गुरुजी?" विचारलं, की "'काय करत आहात' असं म्हणावं," एवढं सांगून मगच उत्तर द्यायचे. लॅपटॉपवर लिनक्स ही सिस्टीम घेतली, त्याचं कारणही मास्तरकीचंच. आधीची सिस्टीम न विचारता मध्येच अपडेटला निघून जायची. "न विचारता वर्ग सोडणारा मला चालत नाही," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

पण ग्राफिक्स कार्ड चालू व्हायला हवं होतं ते हौसेसाठी नाही. गुरुजींचं गाव धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या काठी. धरणाच्या पाण्यात गेलं. त्यांची म्हातारी आई आता आमच्याच गल्लीत त्यांच्यासोबत राहायची आणि अंगणात बसून रोज त्या गावाचं काहीतरी सांगायची. तिची नजर मंदावत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा गुरुजींनी ठरवलं, आईला दिसतंय तोवर गाव कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं. डोंगर, नदी, मोहाची झाडं, घर. "फोटो नाही दाखवायचा, तिला गावातून चालवायचं आहे," म्हणायचे. साठीनंतर स्वतः शिकून त्यांनी ते उभंही केलं. चालायला गेलं की मात्र एक पाऊल पडेस्तोवर बसलेली म्हैस उठून पाणी पिऊन आली असती.

लॅपटॉपात पडद्यावर चित्रं उभी करणारी अशी कार्डं दोन. एक मोठं, ताकदीचं, आणि एक साधं. लिनक्स सगळं काम साध्याकडूनच करून घेत होतं. गुरुजींना याचा मनापासून राग. "थोरला मागच्या बाकावर झोपला आहे, आणि धाकटा बिचारा सगळ्यांचा अभ्यास करतो आहे!" मग आम्ही थोरल्याला कामाला लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, बसवायचो. बसवताना तो एक पासवर्ड ठरवायला सांगायचा. गुरुजी दरवेळी आपल्या गावाचं नाव टाकायचे. तो कशाला लागतो हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. मग लॅपटॉप बंद करून परत चालू करायचा. त्याला गुरुजींचा शब्द 'उठाबशा'.

आणि उठाबशा काढणाऱ्याकडे बघत बसू नये, तो लाजतो, हा त्यांचा शाळेतला नियम. म्हणून रीस्टार्टचं बटण दाबलं रे दाबलं, की आम्ही दोघं समोरच्या टपरीवर चहाला. परत येऊन बघावं तर थोरला झोपलेलाच! आठवडेच्या आठवडे हाच उद्योग. माझं डोकं फिरलं. "सोडी द्या गुरुजी आते," मी हात जोडले. ते शांतपणे म्हणाले, "'सोडून द्या.' आणि मी एकाही मुलाला नापास करून घरी पाठवलेलं नाही."

मग एक दिवस टपरीवाला लग्नाला गेला. चहा नाही, म्हणून नाइलाजानं आम्ही तिथंच बसलो. रीस्टार्ट झालं आणि पडद्यावर निळी पाटी आली: नवीन ड्रायव्हरला आत घ्यायचं असेल तर बटण दाबा. खाली सेकंद उलटे पळत होते. म्हणजे ही पाटी दरवेळी येत होती, थोडं थांबत होती, आणि कुणी नाही बघून निघून जात होती! गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे, हा रोज हात वर करत होता, आणि मास्तर चहाला गेलेले!" दाबलं बटण, टाकलं गावाचं नाव.

थोरला उठला तो असा उठला की त्याचा पंखाच घोंगावला. तो पंखा आजवर कधी जोरात फिरलाच नव्हता. दुकानामागे मिरचीची पथारी, हंगामभर लाल मिरची उन्हात पसरलेली. तिची सगळी धूळ पंख्यात बसलेली. ती थेट आमच्या तोंडावर आली. दोघं शिंकून शिंकून बेजार, डोळ्यांना धारा. त्या धारांतूनच गुरुजींनी पहिलं पाऊल टाकलं, आणि गाव सरसर चाललं.

आईला आणलं. पडद्याला नाक लावून ती बघत राहिली. नदी ओळखली, डोंगर ओळखला, मोहाचं झाड दुसऱ्या बाजूला होतं म्हणून लेकाला झापलं. मग घरासमोर आली आणि पावरीत काहीतरी म्हणाली. मी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "दार उघड म्हणते." दारामागे त्यांनी काहीच बनवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते चूल घडवायला बसले. चूल झाली, तिच्यामागची भिंत झाली, कणगी झाली. आईनं ते सगळं बघितलं, हे फार बरं झालं.

या उन्हाळ्यात गुरुजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अजून विश्वास बसत नाही, दुकानात कुणी खुर्ची ओढली की मी चटकन वर बघतो.

महिन्याभरानं सुनेचा हात धरून त्यांची आई दुकानात आली. तिला आता काहीच दिसत नाही. खुर्चीवर बसून ती बोलली, आणि सून, म्हणजे गुरुजींची बायको, डोळे पुसत मला मराठीत सांगत होती. "त्या घरात चुलीपाशी माझ्या पोराला बसव, म्हणतात. आणि मला दिसत नाही म्हणून फसवू नकोस, म्हणतात."

मला झाडंसुद्धा नीट बनवता येत नाहीत, माणूस कुठला येणार? पण रोज दुकान उघडलं की आधी गुरुजींच्या लॅपटॉपवर तेवढंच काम करतो. काल गुरुजींची पाठ जमली.