बाजाराने दिलेली माफी

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. तिचं सासर गडहिंग्लजला. दाजी तिथल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारातून चालले की निम्मे दुकानदार गल्ल्यावरून उठून नमस्कार करतात, कारण निम्म्यांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या आहेत. मी कोल्हापुरात बँकेत नोकरी करते. पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी दाजींचा फोन आला. "जमलं तर येऊन जा," एवढंच म्हणाले. दाजी मला कधी फोन करत नाहीत. मी रजा टाकली आणि मिळाली ती एसटी पकडली.

अक्का स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तिने वर बघितलं नाही. काय झालं ते दाजींनी बाहेरच्या खोलीत हळू आवाजात सांगितलं. अक्काने भांड्यांच्या दुकानातून पितळेचं निरांजन उचललं होतं. पिशवीत कोथिंबिरीखाली घालून बाहेर पडताना ती कॅमेऱ्यात दिसली. दुकानाचा तरुण मालक गावात नवा, तिला ओळखत नव्हता. तो सरळ पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या हवालदार बाईंनी चित्रातल्या अक्काला ओळखलं आणि तक्रार लिहून घेण्याआधी एका म्हाताऱ्या कापड व्यापाऱ्याला फोन लावला. बाजारातल्या भांडणात त्याचा शब्द सगळे मानतात. "बाजारातच मिटतंय का बघा," असं बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक ठरली.

"देव्हाऱ्यात निरांजनं काय कमी आहेत?" दाजी मला विचारत होते. ते मी सांगायचं होतं की काय, कुणास ठाऊक.

बैठक व्यापाऱ्यांच्या छोट्या हॉलमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. भांडीवाला, कापड व्यापारी, हवालदार बाई आणि आम्ही तिघं. अक्काने लग्नकार्याला नेसते ती साडी नेसली होती. भांडीवाला बिचारा अवघडून गेला होता. "मला म्हाईत न्हवतं सरांच्या घरातल्या म्हणून," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

कापड व्यापाऱ्याने अक्काला विचारलं, "काकू, घेतलंसा न्हवं?"

"घेतलं," अक्का म्हणाली.

इथंच संपलं असतं. पण दारात उभे असलेले दोघं-तिघं दुकानदार पुढे आले. एकाने खाली मान घालून सांगितलं की त्याच्या दुकानातूनही अधूनमधून दोऱ्याची रिळं जायची. दुसऱ्याने बांगड्यांचं सांगितलं. कापड व्यापारी स्वतः म्हणाला, "आमच्याकडचे रुमाल. बोललो न्हाय. सरांचं तोंड बघून गप बसलो."

मी दाजींकडे बघितलं. बायकोने चोरी केली हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण इतकी वर्षं जे नमस्कार ते रुबाबात घेत होते, त्यामागे हे होतं, हे त्यांना त्या खुर्चीत बसून कळत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

ठरलं ते असं. पोलिसात तक्रार नाही. अक्काने घेतलेल्या वस्तू ज्याच्या त्याला स्वतः नेऊन द्यायच्या, माफी मागायची, आणि दिवाळीपर्यंत अंगणवाडीत जाऊन मुलांच्या खिचडीचं धान्य निवडायचं. हवालदार बाईंनी निघताना मला बाजूला घेतलं. "ताई, हे चोरट्याचं लक्षण न्हाय. कोल्हापुरात चांगल्या डॉक्टरला दाखवा." त्या भल्या बाई होत्या. सगळेच भले होते. म्हणूनच कुणावर राग धरता येत नव्हता.

घरी आल्यावर अक्काने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू. रिळं, बांगड्या, रुमाल, वाट्या, केसांच्या पिना, लहान मुलाचं झबलं. एकही वापरलेली नव्हती. कुठली कुठल्या दुकानातली हे तिला अचूक आठवत होतं. "घेताना काय वाटायचं गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "घेईपर्यंत छातीत धडधड. घेतली की गार. घरी आलं की नुसती घाण वाटायची."

आम्ही दोघी बाजारात निघालो. मी पिशवी धरली होती, पण आत जाऊन बोलायचं तिनेच होतं. बांगडीवाल्याने बांगड्या घेतल्या आणि चहा मागवला. रिळवाल्याने हातच लावला नाही. "ऱ्हाऊ दे की काकू, लाजवू नका," म्हणाला. अक्का काउंटरवर रिळं ठेवून बाहेर आली. एका दुकानात गिऱ्हाइकं होती. मालकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "कशाबद्दल माफी?" अक्काने त्या सगळ्यांसमोर सांगितलं. बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला, आणि शेवटच्या दुकानापर्यंत सोडला नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आजार म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, बोलायला येत जा म्हणाले. तिला परतीच्या एसटीत बसवून द्यायला गेले तेव्हा अक्का खिडकीतून म्हणाली, "आजार हाय म्हणतोय. मग मी माफी कशाची मागितली?" गाडी सुटली.

अंगणवाडीचं काम तिने नेटाने केलं. वस्तू उचलणंही थांबलं. पण भाजीवाली ती दिसली की टोपली जवळ ओढायची. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. दाजी स्वतः बाजार करू लागले, तेही संध्याकाळी आडवाटेच्या दुकानातून. घरात तिच्याशी कामापुरतं बोलत. एकदा मला म्हणाली, "आत गेले असते तर कधीतरी सुटून आले असते. हितनं कुठं सुटायचं?" मी म्हटलं, असं बोलू नये. पण घरी येऊन मला झोप लागली नाही.

थंडीत त्याच भांड्यांच्या दुकानात पुन्हा चोरी झाली. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या एका बाईने स्टीलचा डबा पदराखाली घेतला. तिला तिथंच धरलं, पोलीस बोलावले, गुन्हा नोंदला. अक्काला हे अंगणवाडीत कळलं. दिवाळी होऊन गेली तरी तिने तिथं जाणं सोडलं नव्हतं. ऐकलं तशी ती उठली आणि सरळ दुकानात गेली. त्या दिवशी दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी म्हणून मी तिच्याकडेच होते. मला तिने रस्त्यातून फोन केला, मी धावत पोचले तेव्हा ती काउंटरपाशी उभी होती.

"माझी बैठक घेतलीसा. तिची का न्हाय?"

"काकू, तुम्ही आपल्यातल्या," भांडीवाला म्हणाला. "ती टोळी उद्या उठून जाणार. तिच्यासाठी कोण उभा ऱ्हाणार?"

"मी ऱ्हाते की."

आम्ही कापड व्यापाऱ्याकडे गेलो, त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार बाईंनी बसायला सांगितलं. "गुन्हा दाखल झालाय, काकू. आता माझ्या हातात न्हाय. त्या दिवशी मी ड्युटीवर न्हवते, मला आधी फोन आला असता तर बघितलं असतं." फोन कुणी केला नव्हता, कारण फोन करायला त्या बाईचं गावात कुणी नव्हतं.

पुढे कोर्टाने तिला कोठडीत पाठवलं. बऱ्याच दिवसांनी टोळीच्या मुकादमाने जामीन दिला असं कानावर आलं. अक्काने मला बोलावून घेतलं आणि आम्ही रिक्षा करून कारखान्याच्या रस्त्याला, टोळीच्या पालांकडे गेलो. निम्मी पालं उठली होती. ती बाई सुटल्या सुटल्या नवऱ्याबरोबर आधी परतणाऱ्या टोळीतून गावाकडे गेली, असं चुलीपाशी बसलेल्या एका म्हातारीने सांगितलं. मग तिने अक्काला नीट न्याहाळलं.

"तुम्ही कोण लागता तिच्या?"

"कुणी न्हाय," अक्का म्हणाली. "माझ्यावर बी तीच पाळी आलती."

आम्ही रिक्षात येऊन बसलो. घरी दाजी जेवायचे थांबले होते. कुठं गेलतीस, असं त्यांनी विचारलं. अक्काने पान वाढता वाढता सगळं सांगितलं, भांडीवाल्यापासून पालांपर्यंत. दाजी ऐकत होते. तिचं सांगून झाल्यावर भाकरी मोडून जेवू लागले.