जुनिपरची फांदी

सौदीतल्या खमीस मुशैतच्या डोंगरात काल जुनिपरचा पाला हातात चुरगळला आणि मदिनेत मी नर्स होते तेव्हाचा तो वॉर्ड आठवला. उमऱ्याच्या यात्रेला आलेले किरगीझ आजोबा ऑक्सिजनवर धापा टाकत होते. मी सलाईन बदलून वळले, तर त्यांची बायको जुनिपरच्या वाळक्या फांदीला लायटर लावत होती. घाबरून माझ्या तोंडातून मराठीच निघालं, "अगं बाई, सगळ्यांना जाळशील!" मी लायटर हिसकावला. त्यांच्याकडे तिएनशान पर्वतात, बर्फाच्या रेषेखालच्या खडकाळ उतारांवर हेच झाड वाढतं, आजाऱ्याला त्याची धुरी देतात, हे दुभाष्याने नंतर सांगितलं. तेव्हा मात्र ती रडत फांदी पुढे करत राहिली. शेवटी मीच पाला चुरगळून तळहात आजोबांच्या नाकाशी धरला. त्यांनी तो घट्ट पकडला, सोडलाच नाही. काल तळहात पुन्हा हुंगण्याआधी मी नकळत मागे वळून पाहिलं, कुणी लायटर तर पेटवत नाही ना.