गेटजवळचा पांढरा भाग

बंगल्याच्या मालकांनी, काकांनी, चपलेच्या टोकाने गेटजवळचा भाग दाखवला. "अहो मॅडम, पांढरा रंग आम्ही मागितला नव्हता. फुकट दिलात का?"

विश्रांतवाडीतलं काम होतं. गेटपासून पोर्चपर्यंत स्टॅम्प काँक्रीट, म्हणजे ओलं असतानाच साचे दाबून दगडी फरशीसारखी नक्षी उठवलेलं. दोन-तीन वर्षांनी ते प्रेशरच्या पाण्याने धुऊन वर सीलर लावतात. सीलर हा पारदर्शक लेप. त्याने रंग टिकतो. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सकाळी या कामांवर सुपरवायझर. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. नोकरी गेली तर वाशीमला परत जावं लागणार होतं.

आमच्या कंपनीचे मालक, सर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सीलर तुझ्या ताब्यात होता. थिनर किती ओतलंस?"

"अजिबात नाही, सर."

"आणि वाचलेला माल कुठे विकलास?"

त्यांनी माझी सॅक उघडून पाहिली. आत पोळीभाजी आणि केमिस्ट्रीचं जर्नल. "उद्या दुपारपर्यंत कारण सांग. नाहीतर येऊ नकोस."

खरं सांगायचं तर माझा संशय सरांवरच होता. मालच हलका आणला असेल, असं वाटत होतं. पण कॅन एकच होता, आणि पोर्चजवळ तोच सीलर छान चमकत होता. काँक्रीटमध्ये ओल राहिली की सीलर पांढरा पडतो. म्हणून आदल्या संध्याकाळी प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून ठेवतात. सकाळी त्याला आतून घाम आला तर थांबायचं. मी तो चिकटवला होता. पोर्चजवळ. कोरडा निघाला होता. सीलर लावायच्या आधी दोन दिवस पाणी टाकू नका, हेही काकांना सांगितलं होतं. आता मला काकांचाही संशय येऊ लागला. गाडी धुतली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच गेटसमोरच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. बाहेर आल्या त्या काकू. हातात पाण्याचा तांब्या. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी गेटजवळ शिंपडलं. थेंब पडले ते बरोबर त्या पांढऱ्या भागावर.

मी धावत गेले. "काकू, सीलर लावला त्या दिवशीही सडा घातला होता?"

"घालणारच ना! दार काय कोरडं ठेवायचं? रांगोळी मात्र नाही काढली हं, तुमचं काम होतं म्हणून."

काका दारात आले. "अगं, पाणी टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"मी कुठे पाणी टाकलं? नुसता सडा घातला."



दोन दिवस सडा बंद ठेवून आम्ही त्या भागावर झायलीन हे सॉल्व्हंट फिरवलं. त्याने सीलर मऊ झाला, अडकलेली ओल उडून गेली आणि नक्षी पुन्हा दिसू लागली. पुढच्या साइटवर कॅन सरांनी माझ्याच हातात दिला. फक्त बाहेरून पेनने पातळीची रेघ मारलेली होती.

मी आता प्लॅस्टिक गेटजवळही चिकटवते. पाण्याची सूचना मालकांना देत नाही. आधी विचारते, "तुमच्याकडे सकाळी सडा कोण घालतं?" सूचना त्यांना देते.